पिकअपमधील बिघाड : लक्षणापासून निदानापर्यंत

नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या बाजारात, कोकणातील मासळी घाटावरील शहरांत आणि इंदूर किंवा बेळगावच्या घाऊक पेठेतील माल आसपासच्या गावांत पोहोचविण्याचे काम आज मोठ्या प्रमाणावर पिकअप वाहने करीत आहेत. २००५ मध्ये टाटा मोटर्सने 'एस' हे छोटे मालवाहू वाहन बाजारात आणले आणि त्यानंतर लहान मालवाहू वाहनांचा वर्ग झपाट्याने विस्तारला. महिंद्राची बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त अशी वाहने बँकेच्या अर्थसाहाय्याने घेऊन अनेक तरुणांनी स्वतःचा व्यवसाय उभा केला आहे. यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत मालक आणि चालक ही एकच व्यक्ती असते, आणि वाहन हेच उत्पन्नाचे एकमेव साधन असते.

या व्यवसायाचे गणित साधे असले, तरी कठोर आहे. उदाहरणादाखल, ८ लाख रुपयांचे कर्ज वार्षिक १० टक्के व्याजदराने ६० महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १७,००० रुपये होतो. महिन्यातील २५ दिवस वाहन चालते असे धरल्यास दररोज सुमारे ६८० रुपये केवळ हप्त्यासाठी बाजूला ठेवावे लागतात. वाहन पाच दिवस गॅरेजमध्ये उभे राहिले, की ३,४०० रुपयांची तूट तेथेच पडते. दुरुस्तीचे बिल आणि दुसरीकडे वळलेला ग्राहक हे नुकसान त्याखेरीज होय.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वाहनाचा सर्वंकष विमा असला, तरी यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि वापरामुळे होणारी झीज या गोष्टी प्रमाणित पॉलिसीतून वगळलेल्या असतात. अपघाताची भरपाई मिळते. जळालेल्या क्लच प्लेटची किंवा बंद पडलेल्या अल्टरनेटरची मिळत नाही. हा भार मालकालाच उचलावा लागतो. म्हणूनच प्रत्येक मालकाने मेकॅनिक होण्याची गरज नसली, तरी बिघाडाची लक्षणे वाचण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी असणे हिताचे ठरते.

निदानाचा क्रम

गॅरेजमध्ये खर्च वाढण्याचे प्रमुख कारण म्हणजे तपासणी न करता सुटे भाग बदलत जाणे. बॅटरी उतरते म्हणून नवी बॅटरी घेतली जाते; परंतु मूळ दोष अल्टरनेटरचा असेल, तर ती नवी बॅटरीही लवकरच उतरते आणि हजारो रुपये वाया जातात. अशा वेळी पुढील क्रम पाळावा.

प्रथम लक्षण नेमके शब्दांत मांडावे. गाडी 'त्रास देते' एवढे सांगून भागत नाही. इंजिन थंड असताना की तापल्यावर, रिकाम्या गाडीत की भार असताना, चढावर की सपाटीवर, पावसात की एरवीही, हे सांगता आले पाहिजे. त्यानंतर अलीकडे काय बदलले ते आठवावे. नवा हॉर्न, जादा दिवे, म्युझिक सिस्टीम, नव्या पंपावर भरलेले डिझेल किंवा नुकतीच झालेली दुरुस्ती यांपैकी एखाद्या गोष्टीत उत्तर दडलेले असण्याचा संभव असतो. तिसरी पायरी प्रत्यक्ष तपासणीची. ती नेहमी बाहेरून आत आणि स्वस्त भागाकडून महाग भागाकडे करावी. सैल टर्मिनल पाहण्यास खर्च येत नाही. इंजिन उघडण्यास येतो.

किल्ली फिरविली, पण इंजिन फिरले नाही

या तक्रारीत कान हे पहिले उपकरण होय. किल्ली फिरविताच 'खट-खट-खट' असा जलद आवाज आला, तर बॅटरीत जोर कमी आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. एकच ठळक 'टक्' ऐकू येऊन पुढे काहीच झाले नाही, तर सेल्फचा सोलेनॉइड, त्याचे संपर्कबिंदू, मोटार अथवा तिच्याकडे जाणारी जाड केबल संशयास्पद ठरते. अजिबात आवाज नसेल, तर इग्निशन स्विच, फ्यूज, रिले किंवा निखळलेली वायर तपासावी. काही वाहनांत क्लच पेडल पूर्ण दाबल्याखेरीज सेल्फ लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

हेडलाइट लावून सेल्फ मारला असता दिवे जवळजवळ विझले, तर दोष बॅटरीकडे किंवा तिच्या जोडणीकडे आहे. दिवे जसेच्या तसे प्रखर राहिले आणि सेल्फ गप्प राहिला, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. या चाचणीला कोणतेही साधन लागत नाही.

अधिक खात्रीसाठी मल्टिमीटर उपयोगी पडतो. तो काहीशे रुपयांत मिळतो आणि एका चुकीच्या बॅटरीखरेदीतच त्याची किंमत वसूल होते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. वाहन काही तास बंद राहिल्यानंतर पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दाखवते; १२.२ व्होल्ट म्हणजे ती साधारण निम्मीच भरलेली असते आणि १२ व्होल्टच्या खाली ती उतरलेली समजावी. सेल्फ फिरत असताना हा आकडा सुमारे ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट थर हे अनेक तक्रारींचे मूळ असते. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी तो साफ करावा, टर्मिनल घट्ट आवळावे आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरी काढताना आधी ऋण टर्मिनल सोडवावे व जोडताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पान्याचा स्पर्श होऊन ठिणगी उडण्याचा धोका टळतो. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टीही पाहावी. समुद्रकिनाऱ्यावरील खाऱ्या हवेत ती गंजते आणि सर्व भाग चांगले असूनही सेल्फ जड चालतो. नागपूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यातील उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. मात्र तिचा अशक्तपणा पुष्कळदा थंडीच्या पहाटे उघडकीस येतो.

बॅटरी वारंवार उतरते

इंजिन सुरू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा १२.५ च्या आसपास अडकून राहिला, तर अल्टरनेटर, ज्याला गॅरेजमध्ये आजही डायनामो म्हणतात, बॅटरी भरत नाही असे समजावे. अशा वेळी आधी बेल्टचा ताण आणि मागची वायर पाहावी. अल्टरनेटर उघडण्याची वेळ त्यानंतर येते. आकडा सातत्याने १५ व्होल्टच्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी व दिवे दोन्ही धोक्यात आहेत. काही नव्या वाहनांत संगणकच हा दाब कमी-जास्त करतो, म्हणून आकड्यांचा अर्थ लावताना उत्पादकाची पुस्तिका पाहावी.

इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून 'डायनामो चालतो का' हे पाहण्याची जुनी पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी. जुन्या गाड्यांत ती खपून जात असे. आजच्या वाहनांत इंजिनचे नियंत्रण संगणकीय यंत्रणेकडे असते आणि टर्मिनल निघताच उसळणाऱ्या दाबाने ती महागडी यंत्रणा निकामी होऊ शकते.

चार्जिंग व्यवस्थित असूनही रात्रीतून बॅटरी उतरत असेल, तर बंद गाडीतही कोणते तरी उपकरण वीज खात आहे. बाहेरून बसविलेले जीपीएस यंत्र, म्युझिक सिस्टीम किंवा हौद्यातील दिवा एकेक करून अलग केल्यास दोषी सापडतो. फ्यूज वारंवार उडत असेल, तर त्या जागी जाड तार किंवा अधिक क्षमतेचा फ्यूज कधीही बसवू नये. फ्यूज स्वतः जळून वायरिंग वाचवितो. त्याचे काम हिरावून घेतले, तर वायर तापते आणि मालासकट गाडी पेटण्याची वेळ येऊ शकते.

इंजिन फिरते, पण सुरू होत नाही

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबली गेलेली हवा इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल पेट घेते. म्हणून इंजिन सुरू होण्यासाठी पुरेशा वेगाने फिरणारा सेल्फ, स्वच्छ डिझेल आणि मोकळी हवा या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. तपासही याच क्रमाने करावा.

टाकीत डिझेल खरोखर आहे का, हे प्रथम पाहावे. काटा चुकीचे दाखवू शकतो. टाकी पूर्ण रिकामी झाली असेल, तर नळीत हवा शिरते आणि डिझेल भरूनही इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी हँड प्रायमरने हवा काढावी लागते. पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी मिसळण्याचे प्रकार वाढतात. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून साचलेले पाणी काढून टाकता येते. इंजिन सुरू होऊन काही मिनिटांनी बंद पडत असेल, तर तुंबलेला फिल्टर किंवा टाकीच्या झाकणातील हवेचे बुजलेले छिद्र ही कारणे संभवतात. झाकण सैल करताच गाडी नीट चालू लागली, तर निदान तेथेच झाले. फक्त थंड सकाळी त्रास होत असेल, तर हीटर प्लग तपासून घ्यावेत.

एक धोक्याची सूचना येथे अत्यावश्यक आहे. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात डिझेलचा दाब १,००० बारपेक्षाही अधिक असतो. जुन्या इंजिनांप्रमाणे इंजेक्टरचा पाइप चालू इंजिनात सैल करणे किंवा गळती बोटाने चाचपणे येथे जिवावर बेतू शकते. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडणे. सर्वप्रथम एअर फिल्टर पाहावा. नंतर टर्बोची निसटलेली वा फाटलेली नळी आणि शेवटी इंजेक्टर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळणे. रिंग, वॉल्व्ह सील किंवा टर्बो झिजल्याची ती खूण असून ऑइलची पातळी किती दिवसांत किती घटते याची नोंद ठेवावी. पांढरा धूर थंडीत क्षणभर दिसला, तर चिंतेचे कारण नाही. इंजिन तापल्यावरही तो दाट येत राहिला आणि रेडिएटरमधील कूलंट कमी होत गेले, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतरच्या डिझेल वाहनांत मात्र धुरावर पूर्णपणे विसंबता येत नाही. त्यांच्या एक्झॉस्टमधील फिल्टर काजळी अडवून ठेवतो, त्यामुळे बिघाड असूनही धूर दिसत नाही. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी वाहन काही काळ सलग वेगात चालावे लागते. केवळ गल्लीबोळांतील छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत हे काम वारंवार अर्धवट राहते, फिल्टर तुंबतो आणि काही वेळा जादा फवारलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसणे ही आनंदाची बाब नसून धोक्याची खूण आहे.

तापमान आणि ऑइलचा दिवा

इंजिन तापण्याच्या वेळेवरूनच कारणाचा अंदाज बांधता येतो. वाहतुकीत उभे असताना तापते व मोकळ्या रस्त्यावर निवळते, तर पंखा किंवा त्याचा क्लच सदोष आहे. घाटात भार घेऊन चढताना तापते, तर रेडिएटर तुंबला असावा. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते, तर कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट अडकला आहे. ज्या इंजिनात एकच बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरवितो, तेथे बॅटरीचा दिवा लागून तापमानाचा काटाही चढू लागला, तर बेल्ट तुटला असे समजून ताबडतोब गाडी थांबवावी.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील दाबामुळे तेथील पाणी १०० अंशांहून अधिक तापमानालाही उकळत नाही. झाकण निघताच ते वाफेसह उसळून अंगावर येते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. ते इंजिन पुन्हा सुरू करू नये.

ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागणे ही सर्वांत गंभीर सूचना होय. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' हा विचार येथे संपूर्ण इंजिनाची किंमत मागतो. गाडी त्याच जागी बंद करून काही मिनिटांनी पातळी पाहावी. पातळी योग्य असूनही दिवा विझत नसेल, तर गाडी ओढून न्यावी. साचलेल्या पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सेल्फ मारून सुरू करण्याचा मोहही असाच महागात पडतो. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मान्य होत नाही. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले असेल, तरच आधार मिळतो.

क्लच, शाफ्ट, पाटे आणि ब्रेक

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरत असतो. पेडलवर सतत पाय ठेवण्याच्या सवयीने हा दोष लवकर उद्भवतो. गिअर पडण्यास जड जात असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही. प्लेट बदलण्यापूर्वी पेडलची रचना आणि द्रवाची गळती तपासावी.

गाडी निघताना किंवा रिव्हर्स घेताना खालून येणारा 'टक्' आवाज प्रोपेलर शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसचा असण्याची शक्यता अधिक. वेगाबरोबर वाढणारी व वळणावर बदलणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असते. सपाट जागी रिकामी गाडी एका बाजूला कललेली दिसली, तर पाट्यांमधील एखादे पान तुटले आहे का ते पाहावे.

टायर हे मूक साक्षीदार असतात. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी होती. मधला भाग झिजला असेल, तर जास्त होती. एकच कड झिजली असेल, तर अलाइनमेंट बिघडले आहे. ब्रेक दाबताच गाडी एकीकडे ओढली जाणे, पेडल स्पंजासारखे मऊ लागणे किंवा ब्रेक ऑइलची पातळी उतरणे यांपैकी काहीही आढळले, तर त्या दिवशी भाडे घेऊ नये. येथे प्रश्न केवळ खर्चाचा नसून चालकाच्या आणि इतरांच्या जिवाचा असतो.

या सर्व झिजेमागे अनेकदा जादा भार हेच समान कारण असते. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दंड टळला, तरी क्लच, पाटे, टायर आणि ब्रेक आपापला दंड वसूल करतातच.

स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल नव्हे

नव्या वाहनांत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो. त्यावरील कोड कोणत्या ठिकाणी गडबड जाणवली एवढे सांगतो. कोणता भाग बदलावा हे सांगतोच असे नाही. 'पी००८७' हा कोड डिझेलचा दाब कमी असल्याचे दर्शवितो. त्याचे कारण काही हजारांचा उच्चदाब पंप असू शकते, तसा काहीशे रुपयांचा तुंबलेला फिल्टरही असू शकतो. 'पी०५६२' म्हणजे विद्युत दाब कमी. त्यामागे केवळ सैल टर्मिनल असू शकते. म्हणून ग्राहकाने कोड लिहून घ्यावा आणि 'हा भाग सदोष आहे हे कोणत्या चाचणीवरून ठरले?' असा प्रश्न नम्रपणे विचारावा. जाणकार मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि पक्के बिल घ्यावे.

नोंदवही आणि शाखा

प्रत्येक गाडीत एक छोटी वही असावी. तारीख, किलोमीटर, जाणवलेले लक्षण, केलेले काम आणि झालेला खर्च एवढ्या पाच नोंदी पुरेशा आहेत. ऑइल किती दिवसांत कमी झाले किंवा बॅटरी कधी घेतली याची आठवण बहुधा दगा देते. वही देत नाही. दर फेरीमागे काही रक्कम वेगळ्या बचत खात्यात देखभालीसाठी जमा करण्याची सवयही तितकीच मोलाची आहे.

मोठा बिघाड होऊन वाहन काही आठवडे उभे राहणार असेल, तर ग्राहकाने हप्ता थकण्यापूर्वीच शाखेशी संपर्क साधावा. थकबाकी ३० दिवसांपर्यंत, ६० दिवसांपर्यंत आणि ९० दिवसांपर्यंत अशा टप्प्यांनी खाते विशेष उल्लेखाच्या श्रेणींत जाते आणि ९० दिवसांनंतर ते अनुत्पादक ठरते. पहिल्याच आठवड्यात गॅरेजच्या अंदाजपत्रकासह आलेल्या ग्राहकाचे म्हणणे शाखेला समजून घेता येते. तिसऱ्या महिन्यात उपायांचा वाव फारच थोडा उरतो.

नजरगहाण वाहनाच्या पाहणीसाठी जाणाऱ्या अधिकाऱ्यांनाही वरील माहिती उपयोगी पडेल. इंजिन क्रमांक व चासी क्रमांक पडताळताना एका बाजूने झिजलेले टायर, कललेला हौदा, पेटलेला इशारादिवा आणि कोरी सर्व्हिस पुस्तिका यांकडे लक्ष गेले, तर हप्ता थकण्याच्या कितीतरी आधी त्या खात्याची अडचण दिसू शकते. अशा वेळी 'हा दिवा कधीपासून लागतो?' एवढी विचारपूस केली, तरी ग्राहक वेळीच गॅरेजची वाट धरण्याची शक्यता वाढते.